दहाव्याच्या निरोपातली व्हीलचेअर

धाकटी बहीण गेली आणि दहाव्याचा निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरात पुस्तकं वाचणारी मीच, म्हणून. दिवस, वेळ, नदीवरचा घाट, सगळं लिहिलं. तिच्या नावापुढे व्हीलचेअरवरच्या बाईचं इमोजी टाकलं आणि निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला.

ते चित्र तिनेच निवडलेलं. चौक गावच्या नाक्यावर तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. घरातून निघाली की ग्रुपवर फक्त ती बाई यायची. म्हणजे, मी निघाले. एकदा चुलतभावाने कौतुकाने तिला व्हीलचेअरची निळी पाटी पाठवली. ती म्हणाली, "अरे, ही संडासाच्या दारावर लावतात. मी दार हाय का? माझी बाई बघ, आपल्या हातांनी चाकं फिरवते." मग त्याने मोटारवाल्या खुर्चीतली पाठवली, तर "एवढी श्रीमंती कुठली रं!" आत्या मात्र रोज त्या बाईखाली हात जोडायची: लवकर बरी हो. "आत्या, दुकानात चाललेय, दवाखान्यात नाय," असं ती न चिडता परत परत लिहायची. चिडायचे मी, मनातल्या मनात.

निरोप गेला आणि थोड्याच वेळात पोशीरहून काकांचा फोन आला.

"अगं, ते चित्र काढ. पाव्हणेरावळे वाचतात. दहाव्याला असलं?"

"तिचंच आहे ते, काका."

"गेली ना गं ती. आता तरी उठू दे तिला त्या खुर्चीतून."

आवाज भरून आला होता त्यांचा. ती गेली त्या दिवशी त्यांनीच ग्रुपवर लिहिलं होतं, 'आता देवाघरी चालत असेल', आणि पुढे धावणाऱ्या बाईचं चित्र. तेव्हा मी गप्प राहिले होते. काकांना मी कधीच उलटून बोलले नव्हते.

"खुर्चीत ती बसायची," मी म्हणाले. "अडकली होती ती, खुर्ची यायच्या आधी, मधल्या खोलीत, नऊ वर्षं. तेव्हा उठवायला कोण आलं होतं?"

"तू अशी नव्हतीस गं," काका म्हणाले.

"नव्हते."

संध्याकाळी चुलतभावाने चित्र काढून टाकलेला निरोप मला पाठवला. "ताई, हा टाक, विषय संपव." मी टाकला नाही. शेवटी त्यानेच टाकला. ग्रुपवर एकाखाली एक दोन निरोप झाले, आणि खालच्याला जोडलेले हात येऊ लागले.

मी सावकाश टाइप केलं: 'हा निरोप माझ्या बहिणीचा नाही. वरचा आहे.' पाठवलं, आणि फोन समोर उघडाच ठेवला. ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं.