तिसगावच्या डॉक्टरीणबाई
तिसगावच्या आमच्या डॉक्टरीणबाई मोजकंच बोलतात. पेशंटचं सांगून होईपर्यंत पेन उचलत नाहीत.

माझ्या बायकोचा उजवा खांदा कित्येक महिने दुखत होता. मालिश झाली, इंजेक्शनं झाली, गुण काही येईना. बाईंनी तिला हात वर करायला लावला. तो सहज वर गेला.

"खांदा चांगला आहे," म्हणत त्यांनी उजव्या बरगडीखाली दाबलं. बायको कळवळली.

"जेवल्यावर जास्त दुखतं?"

"व्हय, तेलकट खाल्लं की लई."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. नगरला ऑपरेशन झालं आणि खांद्याचं दुखणं गेलं.

"मी उगाच खांद्याला शिव्या देत हुते," बायको नंतर बाईंना म्हणाली.

"मग माफी मागा त्याची," बाई म्हणाल्या, आणि आम्ही त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.