भुलीच्या बाईचं ऑपरेशन

मला सर्जन व्हायचं होतं. मुंबईच्या कॉलेजात आमच्या विभागाच्या मुख्यांनी सरळ सांगितलं, बाईमाणसाला तासन् तास टेबलापाशी उभं राहणं झेपायचं नाही, तू भूलशास्त्राकडे जा. भूल देणारीलाही तितकेच तास थांबावं लागतं, हे मी त्यांना बोलले नाही. पदविका घेतली. माझ्या वडिलांना मात्र ते कधीच रुचलं नाही. डॉक्टर व्हायचं आणि स्वतःचा म्हणावा असा एकही पेशंट नसायचा, हे कसलं डॉक्टर होणं, असं ते म्हणत.

ते किती खरं होतं, हे नगरला आल्यावर कळलं. एका सर्जनांनी शहरात नवं हॉस्पिटल काढलं होतं आणि त्यांना भूल देणारं माणूस हवं होतं. मी आले, केडगावात एक खोली भाड्याने घेतली आणि एकटीच राहू लागले. तोवर सर्जन कम्पाउंडरच्या हातात ईथरची बाटली देऊनच ऑपरेशनं उरकायचे. हळूहळू आजूबाजूच्या गावांतूनही मला बोलावणी येऊ लागली. बेलापूरला, संगमनेरला एस.टी.ने जायचं, केस करायची, एस.टी.ने परत. ईथरचा वास लुगड्याला, केसांना चिकटून राही. बसमध्ये शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावून जरा सरकून बसे. लोक मला 'भुलीची बाई' म्हणत. म्हणजे ज्यांना मी असते हे ठाऊक होतं, ते.

पेशंटला मी आठवतच नसे. झोपण्याआधी दोन मिनिटं त्याने मला पाहिलेलं असे, तेही तोंडाला फडकं बांधलेली. शुद्धीवर आला की तो सर्जनांच्या पाया पडे. गावी गेल्यावर बाजरीची पोती, पेरूच्या करंड्या त्यांच्या घरी येत. त्यात गैर काहीच नव्हतं. त्याची झोप निर्विघ्न झाली, म्हणूनच तर मी त्याच्या लक्षात राहिले नव्हते.

बाहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी माझं पोट दुखू लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. मी तशीच रिक्षाने हॉस्पिटलात गेले, कारण त्या दिवशी केस होती. सर्जनांनी माझा चेहरा पाहिला, मला टेबलावर आडवं केलं, पोट दाबून पाहिलं आणि हात धुवायला गेले. परत येऊन म्हणाले, "अपेंडिक्स आहे. आजच काढायला हवं." मग म्हणाले, "पण तुम्हाला भूल कोण देणार?"

पुण्याहून कुणाला बोलवावं म्हणून त्यांनी ट्रंक कॉल लावला. दुपारपर्यंत तो लागला नाही. गाडीत घालून मलाच पुण्याला न्यावं का, असंही त्यांनी विचारलं. तोवर मला ताप चढला होता. वाटेत अपेंडिक्स फुटलं तर काय होईल, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, पाठीत इंजेक्शन द्या, कमरेखालचं बधिर होईल, मी जागी राहीन. त्यांनी शिकताना अशी इंजेक्शनं दिली होती, पण बरीच वर्षं झाली होती. औषध किती घ्यायचं, कुठल्या मणक्यांच्या मधे टोचायचं, हे मी कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन त्यांना सांगत राहिले. सुई आत गेली. पाय गरम झाले, जड झाले आणि मग माझे राहिले नाहीत.

मला उताणं केलं. छातीवर पडदा बांधला. पडद्यापलीकडे सर्जन आणि त्यांच्या मदतीला सिस्टर. दुसरी सिस्टर रजेवर होती. डोक्याशी माझं स्टूल रिकामं होतं.

इतक्या वर्षांत त्या स्टुलावरून मी छतावरचा दिवा कधी बघितला नव्हता. माझं लक्ष खाली, पेशंटच्या चेहऱ्यावर असायचं. आता दिवा दिसत होता, त्याच्या पत्र्याची कड दिसत होती आणि माणूस एकही दिसत नव्हतं. मी सवयीने उजव्या हाताने डाव्या मनगटाची नाडी धरली.

थोड्या वेळाने मला जांभई आली. पाठोपाठ दुसरी. मग मळमळलं. हे मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर कितीदा तरी पाहिलं होतं. बोटांखालची नाडी बारीक होत चालली होती.

"डॉक्टर, माझं बीपी उतरतंय," मी म्हटलं. "सलाईन जोरात सोडायला सांगा. पाय वर घ्या."

पडद्यापलीकडे हात थांबले. सिस्टर हातमोज्यांनिशी धावत आली, तिने सलाईन मोकळं सोडलं, पायांखाली उशा घातल्या, मी सांगितलेलं इंजेक्शन नळीतून दिलं. सांगताना माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. भीती वाटली का, असं पुढे सर्जनांनी विचारलं. भीतीपेक्षा वेगळं काहीतरी होतं. आपण बोलायचं थांबलो तर आपल्याकडे बघणारं इथे कुणी नाही, एवढंच मला कळत होतं. म्हणून मी बोलत राहिले. नाडी परत भरली. सिस्टर पुन्हा हात धुऊन पलीकडे गेली आणि ऑपरेशन पार पडलं.

मग बायकांच्या वॉर्डात मला निजवलं. पाठीतल्या इंजेक्शननंतर उशी न घेता सपाट पडून राहावं लागतं, नाहीतर डोकं फुटायला येतं. आईला तार केली होती, पण कोकणातून नगरला यायचं म्हणजे दोन एस.टी. आणि एक आगगाडी. भेटायच्या वेळी प्रत्येक खाटेभोवती माणसं गोळा होत, डबे उघडत. मी छताकडे बघत राही.

शेजारच्या खाटेवर भंडारदऱ्याकडची एक म्हातारी होती. तिच्या पोटातला मोठा गोळा दहा दिवसांपूर्वी काढला होता. तिला भूल मीच दिली होती. तिने मला ओळखलं नाही. माझ्याकडे कुणी येत नाही हे तिने पाहिलं, आणि सुनेला सांगून माझ्या तोंडात चमच्याने भाताची पेज घालायला लावली.

"तुमचं कोन न्हाई का?" तिने विचारलं.

"आहेत. लांब आहेत."

मग ती आपल्या ऑपरेशनचं सांगू लागली. डाक्टरांनी नुसता हात फिरवला आन् झोप लागली, असं ती सुनेला सांगत होती. का कोण जाणे, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला झोपवलं ते मी. शुद्धीवर येईपर्यंत तुमच्या डोक्याशी बसले होते."

 तिने सुनेला पाणी आणायला धाडलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "लोक म्हनत्यात, भुलीत मानूस बोलतं. मी बोलले का काय?"

ईथरने शुद्ध हरपण्याआधी माणसं बोलतात हे खरंच आहे. ती बोलली होती. साठीची ती बाई लहान पोरीच्या आवाजात आईला विनवत होती, की आये, मला नको धाडू तिकडं, मी तुजं समदं काम करीन. दोनदा, तीनदा. सर्जन तेव्हा बाहेर हात धूत होते. ऐकणारी मी एकटीच होते.

"नाही आजी," मी म्हटलं. "तुम्ही काहीच बोलला नाहीत. शांत झोपलात."

"मंग बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी तिचे मुलगे तिला न्यायला आले. ती सर्जनांच्या पाया पडली, मुलांनाही पडायला लावलं. जाताना माझ्या खाटेपाशी आली, डोक्यावरून हात फिरवला. सुनेने उरलेली पेज माझ्या वाटीत ओतली. मग सिस्टरने म्हातारीच्या खाटेवरची चादर बदलली.

आई तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर मला उशी मिळाली होती आणि मी उठून बसायला लागले होते.