होडीला न्हाणीची जाळी

पन्नाशी उलटली की लोक योगासनं सुरू करतात. मी होडी घेतली. ऑफिसातल्या एकाची बदली झाली आणि त्याची तीन माणसांची जुनी फायबरची होडी वल्ह्यांसकट माझ्या गळ्यात पडली. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावर होडी ठेवता येत नाही हे सोसायटीने लेखी कळवायच्या आत मी ती खाडीकाठच्या एका कोळी काकांच्या अंगणात नेऊन ठेवली.

होडीच्या मागच्या बाजूला, बुडाशी, एक भोक होतं. जमिनीवर असताना त्याचं बूच काढायचं म्हणजे आत साठलेलं पाणी निघून जातं. खाडीत उतरवताना ते घट्ट बसवायचं. बूच पितळी, आट्यांचं, खाली रबरी वायसर. आमचं वायसर कुजलेलं होतं आणि आटे झिजलेले. पहिल्याच फेरीत बायकोचे पाय घोट्यापर्यंत भिजले. घरी येऊन ती चपला जरा जास्तच वेळ धूत बसली.

बूच बदलायचं काम मी बाबांना दिलं. बाबा जन्मभर अंबरनाथच्या एका कारखान्यात पंपांचे फिटर होते. पण गेल्या वर्षी त्यांनी स्वयंपाकघरातला नळ खोलला आणि आधी कॉक बंद करायला विसरले. पाणी पिठाच्या डब्यापर्यंत गेलं. तेव्हापासून बाबांनी हत्याराला हात लावायचा नाही असं घरात ठरलं. कोणी ठरवलं ते कोणी सांगत नाही. त्यांची हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली, आणि बाबा बंद टीव्हीसमोर बसायला लागले. मला ते बघवत नव्हतं.

बायको म्हणाली, "बघा हं. परत काही बिघडलं तर त्यांनाच लागेल मनाला."

बाबांनी जुनं बूच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "असंच आण. आटे जुळवून घे. नाही मिळालं तर काहीच आणू नकोस."

माझं ऑफिस ठाण्याला. खोपटला डेपोजवळ नळ-पाइपांचं एक दुकान आहे, तिथे गेलो. तसलं बूच नव्हतं. दुकानदाराने स्टीलची गोल जाळी पुढे केली, न्हाणीत बसवतात ती, खाली झडप असलेली. म्हणाला, "पानी नीचे जाएगा, कॉकरोच ऊपर नहीं आएगा." ज्यातून झुरळ वर येत नाही त्यातून खाडी कशी येईल, असा मी विचार केला. तो मला तेव्हा फार हुशारीचा वाटला.

बाबांनी जाळी उलटीसुलटी करून बघितली. "हे न्हाणीचं आहे."

"बाबा, याला झडप आहे. एकाच बाजूला उघडते."

"झुरळापुरती बंद होते रे ती. पाण्यापुरती नाही होत."

माझं डोकं लवकर तापतं. म्हटलं, "तुम्ही नुसती बसवा ना. नळाच्या वेळी तुमचंच ऐकलेलं." हे बोलायला नको होतं. बाबांनी जाळी पेटीत ठेवली.

शनिवारी त्यांनी जाळी बसवली. भोक कानशीने मोठं केलं, कडेने सील भरलं, बोटाने फिरवून सारखं केलं. रविवारी बायको चहाचा थर्मास घेऊन आली आणि मी परीक्षा घेतली. आमच्याकडे नवं बाथरूम पसंत करताना घेतात तीच. बादली ओतायची आणि उतार बघायचा. पाणी भराभर निघून गेलं. मी टाळ्या वाजवल्या. कोळी काका बिडी ओढत बघत होते. म्हणाले, "पानी भायेर जातंय खरं. पन भायेर बी पानीच हाय ना?" मी हसलो.

बायको म्हणाली, आधी तुम्ही जाऊन या. मी वल्ह्यांवर बसलो, बाबा मागे जाळीपाशी. काठापासून थोडं आत गेलो असू तेवढ्यात खाडी आत आली. आरडाओरडा न करता, जाळीतून नीट गाळून आली. झुरळ एकही आलं नाही.

बाबांनी खिशातून लाकडाची खुंटी काढली. बरोबर भोकाच्या मापाची, घरून तासून आणलेली, टोकाला सुती फडकं गुंडाळलेली. खाली वाकून जाळी उचकटली, झडप उपटून टाकली, खुंटी घातली आणि चपलेने ठोकली. पाणी थांबलं. "वल्हव," एवढंच म्हणाले.

काठावरून बायकोला दिसलं ते इतकंच, की होडीत पाणी भरतंय आणि बाबा वाकून काहीतरी ठोकतायत. होडी काठाला लागताच तिने हाताला धरून त्यांना उतरवून घेतलं. अगदी प्रेमाने म्हणाली, "राहू दे बाबा. आता नकोत हे उद्योग. वय झालं तुमचं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी थर्मासचं झाकण काढत होतो. चहा अजून गरम आहे, असं मी म्हणालो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी बाबांनी पलंगाखालची पेटी ओढून बाहेर काढली आणि दाराशी ठेवली. म्हणाले, सोसायटीच्या प्लंबरला देऊन टाका, त्याला उपयोग होईल. तीन दिवस मी ऑफिसला जाता-येता ती ओलांडली. चौथ्या दिवशी बाबांच्या खोलीत जाऊन बसलो.

"बाबा, चूक माझी होती. तुम्ही सांगितलेलं मला."

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "मला काय सांगतोस? तिला सांग."

ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बाबांच्या खोलीपासून सात पावलांवर. मला उठायला वेळ लागला.