स्टोव्हच्या काजळीच्या रेघा

तेव्हा मी तलासरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. शाळेशी आपलं कधी जमलंच नाही. घरी बायको मला भाताच्या टोपालाही हात लावू देत नव्हती, आणि इथे कात्र्या-चिमटे उकडायचं काम माझ्या हवाली! ड्रम, म्हणजे अवजारांचा गोल डबा, भरायचा, वर पट्टी चिकटवायची, मोठ्या कुकरसारख्या यंत्रात ठेवायचा, खाली स्टोव्ह. पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या झाल्या की अवजारं शिजली. माझ्यासारख्या अंगठेबहाद्दरालाही कळेल असं ते.

त्या दिवशी बायकांची ऑपरेशनं होती. वाफेनं खोली भरलेली. खिडकीबाहेर चिकूची झाडं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. मला वाटलं मी धाकट्या डहाणूच्या खाडीत उभा आहे, आणि कात्र्या-चिमटे बोंबलांसारखे बाजूनं पोहत चाललेत, एकही हाताला लागत नाही. डोळे उघडले तर स्टोव्ह विझलेला, यंत्रावरचा वाफेचा काटा खाली, पट्टीवरच्या रेघा पाणचट चहासारख्या.

"झालं का रे?" आतून सिस्टर ओरडल्या. डॉक्टर हात धुवून उभे.

मी काडी स्टोव्हच्या काजळीत घातली आणि एकेक रेघ काळी केली. जन्मात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, तेही खोटं.

ड्रम उचलून निघालो. दाराशी बाकावर एक बाई, मांडीवर लेकरू. पहिला नंबर तिचाच.

"दादा, आमच्या पाड्यावरच्या एकीचे टाके पिकलेले. लई दिवस पडून होती. आज सगळं बरोबर हाय ना? तुम्ही सांगा, मग मी आत जाते."

"जरा इथंच बसा," मी तिला म्हटलं.

आत जाऊन म्हटलं, "सिस्टर, ह्या रेघा माझ्या आहेत."

सिस्टरनं अंगठा फिरवला. काळा झाला. "शाळेत गेला असतास तर कॉपी तरी धड केली असतीस!"

डॉक्टर हसले नाहीत. "सगळं पहिल्यापासून लाव."

लावलं. ह्या वेळी बसलोच नाही. रेघा आपल्याआपण काळ्या झाल्या, सावकाश, संध्याकाळ व्हावी तशा. मग ती बाई आत गेली.

आठ दिवसांनी टाके काढायला आली. सिस्टरनं मला मुद्दाम पडद्यामागे बोलावलं. जखम सुकी, स्वच्छ. मी आपला बघतच राहिलो.

"ओ दादा," बाई खेकसली, "तोंड फिरवा की तिकडं!"