मोकळ्या केलेल्या जागेतला आवाज

माझे वडील, अण्णा, या उन्हाळ्यात गेले. त्यांचा आवाज मात्र त्याच्या कितीतरी आधी, एका दुष्काळाच्या साली गेला होता.

तेव्हा आष्टीजवळ सहकारी दूध संस्थेनं जनावरांची छावणी लावली होती. अण्णा तिथं रोज सकाळी भोंग्यावरून हाळी देत, "चला, वैरण आली!" मग घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. हाळी तरी मागं राहावी म्हणून, नगरला निघायच्या आदल्या दुपारी, ताईनं संस्थेच्या कॉम्प्युटरवर आवाज टिपणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पुण्यात ती हेच काम करायची.

अण्णा सगळा जोर लावून बोलले आणि त्यांचा घसा बसला. पाणी पाजलं, तरी नुसती हवा येई. त्याच वेळी प्रोग्रामही अडकला. फाईल झालीच नव्हती.

"गेलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई. मेमरीत हाय. वीज हाय तवर हाय."

संस्थेचे सचिव दारातून म्हणाले, "जन्मभर वरडलात अन् शेवटी मशीनमधी अडकलात व्हय, अण्णा!" अण्णांनी त्यांना काठी दाखवली.

ताईनं काळ्या पडद्यावर डीबगर उघडला, म्हणजे अडकलेला प्रोग्राम आहे तसा थांबवून त्याच्या पोटात बघायचं साधन. तिनं एक ओळ टाइप केली, तशा आकड्यांच्या रांगा उमटल्या. "हे अण्णा," ती म्हणाली. मी पुस्तकांतला माणूस, तरी असली लिपी कधी पाहिली नव्हती.

आवाजाचे तुकडे विखरून पडले होते. ते ओळीनं लावायला तिनं मेमरीत थोडी तात्पुरती जागा मागून घेतली आणि एकेक तुकडा तिथं नेऊन ठेवला. आमच्याकडं टँकर आला की हंडे कमी पडत. शेजारणीचा हंडा रांजणात ओतला की त्याच पावली परत द्यायचा, तिचा नंबर जाऊ नये म्हणून. ताईचा हात त्याच वळणाचा. शेवटचा तुकडा लागला, आणि तिनं ती मागून घेतलेली जागाही मोकळी करून टाकली. फाईलमध्ये उतरवायचं राहून गेलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. अण्णांनी भुवया उडवून विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता ती हळूच म्हणाली, "मोकळं केलं म्हणजे पुसलं असं न्हाई. दुसरं कुणी ती जागा मागंस्तोवर जुनं तिथंच असतंय. अन् प्रोग्राम तर थांबलेलाच हाय. मागणार कोण?"

तिनं जागेचा पत्ता पुन्हा टाइप केला. आकडे होते. अगदी सुरुवातीचे काही बदललेले, बाकी सगळे जसेच्या तसे. कुणाचीच नसलेली जागा, आणि तीत माझे वडील शाबूत. या वेळी तिनं आधी फाईल केली, ती वाजवून पाहिली. सुरुवातीला बारीक कट् असा आवाज, आणि मग अण्णा.

नगरहून परतल्यावर ते गळ्याला पट्टी बांधून छावणीत येऊन बसले. सचिवांनी भोंगा लावला. "चला, वैरण आली!" दावणीची जनावरं उठून उभी राहिली. अण्णांनी चमकून मागं पाहिलं, कोण बोलावतंय म्हणून. मग गुडघ्यावर हात टेकवून तेही उठले आणि वैरणीच्या गाडीकडं चालू लागले.