बारावा चौकोन

पेंटरकाकांचं अक्षर इतकं सुबक, की त्यांनी रंगवलेलं 'येथे थुंकू नये' लोक दोनदा वाचत आणि मग तिथेच थुंकत. मोजदाद मात्र कच्ची. शाळेला ज्यांचं नाव होतं, त्या सेनापतींची वचनं तिच्या भिंतीवर लिहायची होती. काकांनी दोरी धरून बारा चौकोन आखले, निळे रंगवले, आणि अकरावं वचन लिहून झाल्यावर कळलं की यादी संपली. सेनापतींनी लढाया मारल्या, पुढे राज्यही चालवलं. बारावं वाक्य तेवढं बोलायचं राहून गेलं होतं.

सकाळी उद्घाटन. काकांनी शिडीवर बसल्या बसल्या बायकोचं रोजचं वाक्य ठोकून दिलं: 'उपाशी माणसाशी भांडू नये, आधी त्याला जेवू घालावं.' खाली सेनापतींचं नाव.

एकोणीस वर्षांत बाकीची अकरा कुणाला आठवेनात. बारावं मात्र प्रत्येक भाषणात. ते ऐकलं की काका चपला शोधायला लागत.

परवा सेनापतींचं चरित्र लिहिणारे प्राध्यापक घरी आले. सगळी पत्रं धुंडाळूनही हे वाक्य सापडत नव्हतं. काकांनी ते कुठून घेतलं? पुस्तकाची सुरुवातच त्या वाक्याने करायची होती. खरं सांगावं तर जन्मभराची अब्रू जाणार. गप्प बसावं तर बायकोचं वाक्य कायमचं परक्याच्या नावावर. चहा सांगतो म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले आणि तिच्यापुढे सगळं ओकले.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मुलीला शाळेत सोडायला तीच जायची.

"मग बोलली का नाहीस?"

"घरात बोलत होतेच की. तुम्ही कधी ऐकलंत? त्यांच्या नावावर गेलं तेव्हा सगळ्यांना पटलं. राहू दे तसंच."

काकांनी चहाचा ट्रे स्वतः उचलला. मग बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, ते आमच्या हिचं वाक्य आहे."

प्राध्यापकांनी पेनाला टोपण लावलं.

हे कळल्यावर शाळेच्या मोठ्या बाईंनी चौकोन पुसायला सांगितला. काकांनी फक्त सेनापतींचं नाव पुसलं आणि ब्रश रंगात बुडवला. डॉक्टर, वकील, शिंपी, सगळ्यांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या होत्या. बायकोचं नाव आजवर एकदाही लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर वाकडं आलं.