छत्तीस मुद्द्यांचा फॉर्म

खुर्ची पुढे आली की वच्छलाबाई खोब्रागडेंचं डोकं फिरायचं. चामोर्शी तालुक्यातल्या प्रौढ साक्षरतेच्या चौदा वर्गांवर त्या पर्यवेक्षिका, आणि चौदाही गावांत तीच तऱ्हा. तपासणीच्या बाई आल्या म्हटलं की कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची यायची, फळ्याशेजारी मांडली जायची, आणि बाई तिच्यावर बसल्या रे बसल्या की अख्खा वर्ग फोटोला बसल्यासारखा ताठ व्हायचा. मग त्यात शिकवणं काय डोंबल दिसणार? म्हणून स्कूटीच्या डिक्कीत त्यांचं स्वतःचं बस्कर असायचं. ते मागच्या भिंतीपाशी टाकून त्या खाली बसत, आणि गावकऱ्यांना वाटे, आपलं काही चुकलं.

लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून सहा वर्षं त्यांनी स्वतः असा वर्ग चालवला होता. शिकवणं कशाशी खातात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. कारण हातातल्या फॉर्मला ते ठाऊक नव्हतं. त्यात छत्तीस मुद्दे. फळ्याचा वापर झाला का, हजेरीचा तक्ता भिंतीवर आहे का, शिक्षिका हसतमुख आहे का. एका गावात प्रफुल नावाचा पोरगा वर्ग घ्यायचा. तक्ते रंगीत, चेहरा सदा हसरा, आणि त्याच्या वर्गातली म्हातारी मंडळी पुस्तक उलटं धरूनही अख्खं पान म्हणून दाखवायची. पाठच करून घेतलेलं! त्याला छत्तीसपैकी चौतीस गुण द्यावे लागले होते. त्या दिवशी वच्छलाबाई घरी येऊन जेवल्या नाहीत.

आणि अन्नपूर्णाला फेब्रुवारीत मिळाला होता सगळ्यात खालचा शेरा, असमाधानकारक. अन्नपूर्णा म्हणजे दुसऱ्या एका गावची सून, बारावी झालेली, सव्वीस वर्षांची. दुपारी दोन ते साडेतीन समाजमंदिरात अकरा बायकांना शिकवायची, तेही बिनपगारी. नियम असा होता की कोणालाच वाचता आलं नाही तर तोच शेरा, आणि तो सलग दोनदा आला की वर्ग बंद. एप्रिलमध्ये वच्छलाबाई दुसऱ्यांदा गेल्या त्या मनात धाकधूक घेऊनच.

पोरगी छान शिकवत होती. औषधाची पाकिटं, खताच्या पिशव्या, गॅसचं पुस्तक, जे घरात असेल ते वाचायला आणायला लावायची. कोणी अडलं तर उत्तर सांगून मोकळी व्हायची नाही. गप्प उभी राहायची, त्या बाईला धडपडू द्यायची. असं गप्प राहायला वच्छलाबाईंना स्वतःला तीन वर्षं लागली होती. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

मग वाचनाची पाळी आली. पहिली रुखमा, साठीला टेकलेली. समोर कार्ड धरलं, त्यावर ‘घर’. रुखमानं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. दिसत नाही म्हणाली. दुसरी म्हणाली, विसरली. तिसरी पदर तोंडाला लावून बसली. अकराच्या अकरा तशाच. अन्नपूर्णा खडू हातात घेऊन जमिनीकडे पाहत उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. वच्छलाबाईंना राग आला तो नेमका कोणाचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी दात आवळून फॉर्मवर ‘असमाधानकारक’पुढे खूण केली.

रुखमा चहा घेऊन आली. कप खाली ठेवता ठेवता तिची नजर वच्छलाबाईंच्या मांडीवरच्या कागदावर गेली आणि ती तिथेच थबकली.

“बाई,” ती म्हणाली, “हे अ-स-मा-धा-न-का-रक म्हंजे का जी? आमच्या अन्नपूर्णाले लिवलं का ते?”

वच्छलाबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘घर’ येत नाही आणि हे येतं?

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. शेजारच्या गावातल्या बायका पास झाल्या आणि पुढच्याच महिन्यात तिथला वर्ग उठला, फळासुद्धा नेला, हे यांच्या कानावर आलं होतं. म्हणून यांनी आपसात ठरवलं, तपासायला कोणी आलं की आपल्याला काही येत नाही म्हणायचं. फेब्रुवारीतही तेच केलं होतं. अन्नपूर्णाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आपल्यालाच शिकवता येत नाही असं समजून ती दोन महिने मनातल्या मनात कुढत होती.

“घरी बसली का कोणी ना कोणी हाका मारते,” रुखमा म्हणाली. “इथी दीड घंटा मले कोणी उठ म्हणत नाई.”

वच्छलाबाईंनी तिथूनच कार्यालयातल्या साहेबांना, गुणवंतरावांना, फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. बायकांना वाचता येत असेल तर उद्देश पूर्ण झाला, म्हणजे वर्ग बंद. येत नसेल तर शेरा दुसऱ्यांदा, म्हणजे वर्ग बंद. अहो, आता कुठे वाचायला लागल्यात, आता तर खरं शिकवायचं, वच्छलाबाई चढ्या आवाजात म्हणाल्या. गुणवंतरावांना ते पटत होतं. पण फॉर्ममध्ये तिसरा रकाना नाही, मी तरी काय करू, असं ते म्हणाले. माणूस भला होता, आणि त्याचाच जास्त संताप आला.

फोनवरचं बोलणं त्यांनी बायकांना जसंच्या तसं सांगितलं.

“वर्ग तं जातेच,” रुखमा म्हणाली. “मंग हिचं नाव काऊन जावं? द्या कोरा कागद.”

अकराही जणींनी वाचून दाखवलं, काही अडखळत, काही घडाघडा. नव्या फॉर्मवरच्या शेऱ्याच्या चौकटीत वच्छलाबाईंनी काही लिहिलं नाही. पेन रुखमाच्या हातात दिलं. तिनं वाकड्या पण ठसठशीत अक्षरात दोन वाक्यं लिहिली: आमाले अन्नपूर्णानं शिकवलं. आमाले अजून शिकाचं आहे. खाली अकरा सह्या झाल्या, चौकटीत न मावता समासात गेल्या.

तीन आठवड्यांनी पत्र निघालं आणि ते पोचवायचं काम वच्छलाबाईंवरच आलं. सोबत अन्नपूर्णासाठी अभिनंदनाचं प्रमाणपत्र होतं. ते तिनं घेतलं, पाहिलं आणि घडी करून पदरात धरलं. पत्र रुखमानं मागून घेतलं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. उद्दिष्टपूर्ती झाल्याने सदर वर्ग समाप्त करण्यात येत आहे. एकाही शब्दाला ती अडली नाही. वाचून झाल्यावर तिनं कागद उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

“बाई,” तिनं विचारलं, “आमचं दुसरं वाक्य तिथी कोणाले वाचता आलं नाई का?”

वच्छलाबाई तिच्यासमोर बस्करावर बसल्या होत्या. त्यांनी सरकून तिला बस्करावर जागा करून दिली.